तीन नंबरच्या मशिनवरचा समुद्र

६ नोव्हेंबर २००५, रविवार

या घरात तोंडानं भांडायची सोय राहिलेली नाही. आई लगेच रडते, बाबा गप्प बसतात, आणि भांडण माझ्या एकटीच्या डोक्यात दिवसभर चालू राहतं. म्हणून ही वही. आता कागदावर भांडेन.

आज जमीर तिसरं मशिन घेऊन आला. त्याचं यवतमाळला दुरुस्तीचं दुकान आहे. नागपूरच्या लिलावातून जुनी मशिनं उचलतो, धूळ पुसतो आणि आमच्यासारख्या गावोगावच्या क्लासवाल्यांच्या गळ्यात मारतो. "एकदम नव्यासारखं हाय, ताई," म्हणाला. नव्यासारखं म्हणजे माउस नाही, रंग नाही, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि सुरू करताना असा आवाज की शेजारची पिठाची गिरणी बरी. तरी घेतलं. बोरी अरबमध्ये कॉम्प्युटरचा क्लास म्हणजे आमच्या घराची समोरची खोली, बावीस मुलं-मुली, आता तीन मशिनं आणि दिवसातून सात तास भारनियमन. लाइट असते तेव्हा मुलं शाळेत, मुलं येतात तेव्हा लाइट नाही.

मशिनमध्ये आधीच्या मालकाचा एक खेळ निघाला. समुद्रावरच्या लढाईचा. चित्र नाही, गाणं नाही. यंत्र इंग्रजीत एकेक प्रश्न विचारतं. जहाज कुठल्या दिशेला न्यायचं? वेग किती? विमानं किती पाठवायची? बॉम्ब लावायचे की टॉर्पेडो? आपण आकडे टाकायचे. मग ते एक ओळ लिहितं: अर्धा तास गेला, ईशान्येला जहाजं दिसली. किती, कोणती, काही सांगत नाही. आपली दोन विमानवाहू जहाजं, शत्रूची तीन, आणि बाकी सगळा समुद्र आपण मनात आणायचा.

जमीर म्हणाला, "पुसून टाकू काय, ताई?" मी म्हणाले, राहू दे, मुलांना आकडे टाइप करायची सवय होईल. हा माझा शहाणपणा. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे दोष कोणाला द्यायचा ते शोधत बसायला नको.

१० नोव्हेंबर, गुरुवार

मुलांनी त्या खेळाकडे ढुंकून पाहिलं नाही. चित्र नाही म्हणाली. बसलं कोण? बाबा.

बाबा, म्हणजे धर्मपाल, सव्वीस वर्षं कापूस संकलन केंद्रावर ग्रेडर होते. दरवर्षी दिवाळीनंतर केंद्राच्या आवारात कापसाच्या बैलबंड्या लागायच्या, बाबा एकेका बंडीत कोपरापर्यंत हात घालायचे, मधला कापूस बाहेर काढायचे, दोन अंगठ्यांत धागा ओढून पाहायचे आणि मोठ्यानं ग्रेड सांगायचे. कारकून लिहून घ्यायचा. सांगितला की संपलं. बंडीवाला पाया पडो नाहीतर शिव्या देवो, ग्रेड बदलत नसे. दोन हंगाम झाले, आमच्याकडचं केंद्र उघडलंच नाही. कापूस खासगी व्यापाऱ्याकडे जातो, तिथे हात घालायला त्यांचा माणूस असतो. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्यानं जाणाऱ्या बंड्या बघत बसतात. "त्यात कवडी हाय," असं स्वतःशीच म्हणतात. खराब कापूस त्यांना लांबून कळतो. ऐकायला कोणी नाही.

आज पाणी प्यायला म्हणून आत आले आणि तीन नंबरपाशी थांबले.

"हे काय लिहून राह्यलं?"

मी वाचून दाखवलं.

"मंग आपलं जहाज कोठी हाय?"

"दिसत नाही, बाबा. कागदावर मांडायचं."

ते आत गेले आणि केंद्रातलं जुनं रजिस्टर घेऊन आले. मागची कोरी पानं उघडली, पट्टीनं चौकोन आखले. ज्या माणसानं जन्मात समुद्र पाहिला नाही, त्यानं माझ्यासमोर दोन तास समुद्र आखला. दोन मुली टायपिंगला आल्या होत्या, त्यांना उभं राहावं लागलं.

१४ नोव्हेंबर, सोमवार

रवीचा फोन. माझा धाकटा भाऊ. औरंगाबादजवळ वाळूजला कंपनीत आहे. बायको उर्वशी, मुलगी विशाखा, दोन वर्षांची. आई-बाबांनी नातीला फक्त टपालानं आलेल्या फोटोत पाहिलंय. त्याचं कारण गावात सगळ्यांना माहीत आहे. वहीलाही माहीत असावं.

तीन वर्षांपूर्वी रवी एका व्यापाऱ्याकडे कामाला होता. व्यापाऱ्याच्या बंड्या घेऊन तो केंद्रावर गेला. बाबांनी हात घातला आणि तो ओला निघाला. वजन वाढावं म्हणून मधल्या कापसावर पाणी मारलेलं. पाणी व्यापाऱ्यानं मारलं होतं, पण रवीला ठाऊक होतं. भरल्या आवारात बाबा म्हणाले, "माल परत." मग रवीकडे बघून, त्याच आवाजात, "आन तूबी माह्या घरी परत येऊ नको." कारकुनानं हेही लिहून घेतलं की काय कोण जाणे. रवी त्याच आठवड्यात गेला.

आता त्याला मस्कतचं काम मिळालंय. जानेवारीत जाणार, चार वर्षांसाठी. बायको-मुलगी सासरवाडीला, नाशिकला राहणार.

"दीपे, जायच्या आंदी चार दिवस येतो म्हणतो. पोरीले दाखवतो. पण बाबा ये म्हणतील तवाच. तू इचार."

"इचारते," मी म्हणाले.

विचारायला गेले तर बाबा पडद्यासमोर. "बाबा, रवीचा फोन होता," म्हटलं. मान न वळवता हात वर केला. "थांब. ईमानं हवेत हायेत. चार वाजता लाइट जाते." मला इतका राग आला की मी तशीच परत फिरले.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

रवीनं पुन्हा फोन केला. "इचारलं काय?"

"नाई म्हणतात," मी सांगितलं.

विचारलं नव्हतं. पण विचारलं असतं तरी हेच म्हणाले असते. मी फक्त मधला प्रश्न वाचवला. या घरात निरोप्याचं काम मीच करायचं, क्लासही मीच बघायचा, आणि स्थळं आली की "मुलगी जरा तोंडाळ आहे" हेही मीच ऐकायचं. माझी पण काही मर्यादा आहे.

२३ नोव्हेंबर, बुधवार

बाबा आज जेवले नाहीत. आईला वाटलं तब्येत बिघडली. काय झालं होतं? तेवीस विमानं समुद्रात पडली.

खेळाची तऱ्हा अशी. विमानांना तेल ठरावीक. जाऊन, बॉम्ब टाकून, परत आपल्या जहाजावर उतरेपर्यंत पुरलं तर पुरलं. बाबा दिसल्याबरोबर सगळी विमानं धाडतात. तिकडे गेल्यावर कळतं की शत्रू तिथे नाहीच, टेहळणीवाल्यानं चुकीचं सांगितलं होतं. तरी ती पुढे जात राहतात, उशिरा परततात, आणि यंत्र एकेक ओळ लिहितं: चार विमानं तेल संपून पाण्यात. आणखी सहा पाण्यात. बाबा प्रत्येक ओळ रजिस्टरात उतरवतात. पाठवली किती, वेळ काय, दिशा काय, परत आली किती. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य.

"खेळ आहे वो बाबा," मी म्हणाले. "विमानात कोणी नसते."

"कोणी नसते तं मंग आकडा कायले सांगते थे?"

मुलांची परीक्षा तोंडावर आलीय आणि माझ्या तीनपैकी एका मशिनवर रोज दुपारी माणसं बुडतात. आईनं सहा वाजता भाकरी झाकून ठेवली.

६ डिसेंबर, मंगळवार

महापरिनिर्वाण दिन, क्लास बंद. सकाळी आम्ही तिघं विहारात गेलो. परत येताना शेजारच्या तुळसाबाईंनी आईला सहज विचारलं, "रवी जाते म्हणे बाहेरदेशी? येऊन जाईन ना मंग?" आईनं पदर सारखा केला. बाबा पुढे चालत होते, त्यांनी ऐकलं असावं, कारण चाल वाढली. घरी आल्यावर पांढरा सदरासुद्धा न बदलता सरळ तीन नंबरवर. आज लाइट होती, मीही काही बोलले नाही. निदान आजच्या दिवशी कोणाशी भांडू नये.

१५ डिसेंबर, गुरुवार

जमीर तीन नंबरचा पंखा बदलायला आला आणि बाबांच्या मागे उभा राहून लढाई बघत बसला. पंखा हातातच. मी दोनदा घसा खाकरला. कोणाला पर्वा नाही.

शेवटी जमीर म्हणाला, "चाचा, विमानं चुकीच्या दिशेनं जाऊन राह्यली तं परत बोलवा ना. आर दाबा. वापस येतात."

"म्हाईत हाय."

"मंग दाबा ना. अजून तेल हाय त्याईच्यात."

"जमीरभाऊ, बंडीले ग्रेड सांगितला का बदलवत नसते."

"पण हे बंडी थोडीच हाय, चाचा."

"सांगितलं म्हणजे सांगितलं. तो गेला आता. पाहू दे त्याले काय होते थे."

एकोणीस विमानं पाण्यात. जमीरनं माझ्याकडे बघितलं, मी कपाळाला हात लावला. जाताना तो म्हणाला, "तुमचे वालिद जिद्दी हायेत, ताई, लेकिन खेळ मनापासून खेळतात." मनापासून खेळतात म्हणून मला काय त्यांचा सत्कार करायचाय? एक बटण. उजव्या हाताच्या बोटाशेजारी. दाबलं की सगळी परत. माणूस ते दाबत नाही आणि वर उपाशी राहतो.

२४ डिसेंबर, शनिवार

आज भांडले. तोंडानं.

भारनियमनाची वेळ बदलली, सकाळी नऊ ते अकरा लाइट. त्या दोन तासांत पाच मुलींचा सराव उरकायचा होता. तीन नंबरवर बाबा. मी म्हणाले, उठा. ते म्हणाले, थांब. मी मशिनचं बटणच बंद केलं. लढाई गेली. मुली घाबरून वहीत बघायला लागल्या. मी त्यांना घरी पाठवलं आणि मग मला आवरता आलं नाही.

"रोज उठून विमानं बुडवता. बोलवता येतात तरी बोलवत नाही. पोराचंही तेच केलं तुम्ही. चार वर्षांसाठी चाललाय तो. एकदा ये म्हणा म्हणून विचारत होता, तर..."

"कवा इचारत होता?"

मी मशिनवर फडका टाकायला लागले.

"दीपे, कवा इचारलं त्यानं?"

"नोव्हेंबरात."

"तू मले सांगितलं नाई."

"तुमची ईमानं हवेत होती ना."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिलाही मी सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे अशी बघत होती की शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"बरं, आता सांगतलं," मी म्हणाले. "आता म्हणा. फोन लावून देते."

बाबा खूप वेळ रजिस्टर बंद-उघड करत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी अजून सात बंड्या परत केल्या होत्या मी. ओल्या होत्या म्हणून. धावजी तं रडला होता माह्यासमोर. देवसिंगची बैलजोडी रात्रभर आवारात उभी होती. त्याईले मी काई बदलवून देलं नाई. आता पोराचं बदलवलं तं त्या सात जणाईले काय सांगू?"

"त्यांना कोण विचारतंय आता? केंद्रच बंद पडलं!"

"केंद्र बंद पडलं. मी नाई पडलो."

मी आत जाऊन कणीक मळली. इतकी मळली की पोळ्या कडक झाल्या. खरं सांगायचं तर बाबांचा राग आलाच, पण स्वतःचा जास्त आला. मी विचारायला हवं होतं. उत्तर काहीही आलं असतं, तरी विचारायला हवं होतं.

२ जानेवारी २००६, सोमवार

रवीला फोन लावला. सतराला औरंगाबादहून मुंबईची गाडी, एकोणीसला विमान. सगळं ठरलं. मी एका दमात सांगून टाकलं, "रवी, नोव्हेंबरात मी बाबाले इचारलंच नव्हतं. खोटं बोलले."

तिकडे विशाखा काहीतरी बडबडत होती. तो म्हणाला, "मंग आता इचारलं?"

"हो."

"काय म्हणाले?"

"नाई म्हणाले."

"मंग फरक काय पडला, ताई?"

एरवी तो मला दीपे म्हणतो. ताई म्हणाला. फोन ठेवल्यावर मी मुद्दाम मोठ्यानं आईला सांगितलं, सतराला जातो, सकाळच्या गाडीनं, बाबांना ऐकू जावं म्हणून. बाबांनी खुर्ची ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेली.

५ जानेवारी, गुरुवार

मी बटण बंद केल्यापासून बाबा मशिनला हात लावत नव्हते. लाइटची वेळ पुन्हा दुपारची झाली, तेव्हा वाईट वाटून मीच म्हणाले होते, दोन ते चार तुमचे, बसा. तेव्हापासून पुन्हा रोज. पण आता नवीन डोकेदुखी. त्यांना एस.टी.चं वेळापत्रक पाहिजे.

"कायले?"

"अंतराचा हिशोब नाई लागून राह्यला. किती तासात किती जाते, थे समजून घ्याचं हाय."

मग मी बसस्टँडवरच्या फळ्यावरून उतरवून आणलं. मला दुसरी कामं नाहीतच ना. बाबा चष्मा लावून म्हणत बसले: बोरीहून दारव्हा, दारव्ह्याहून कारंजा, मग मेहकर, मग जालना, जालन्याहून पुढं. प्रत्येक थांब्यासमोर तास-मिनिटं. "सकाळी साडेपाचले निघालं तं दिवस मावळाच्या आत पोचते," असं स्वतःशीच. मी विचारलं, समुद्रात मेहकर कुठून आलं? तर म्हणाले, "अंतर ते अंतर." पासष्टाव्या वर्षी माणूस एस.टी.च्या गणितानं आरमार चालवतोय. जमीरला सांगितलं तर तो हसत बसला. मला हसू येत नाही.

१० जानेवारी, मंगळवार

आज तीन नंबरवर काहीतरी झालं. मला नीट कळलं नाही, पण लिहून ठेवते.

बाबांनी नेहमीसारखी सगळी विमानं धाडली. नेहमीसारखा शत्रू तिथे नव्हता. तेल अर्ध्यावर आलं. मी कॉम्प्युटरचा धडा शिकवत होते, तरी कान तिकडेच, कारण आता ती एकेक ओळ येणार आणि रात्री भाकरी झाकावी लागणार. आर दाबणार नाहीत हेही ठरलेलं.

दाबलं नाहीच. पण बाबा म्हणाले, "जहाज कोठी हाय?" आणि रजिस्टरातल्या चौकोनांवर बोट ठेवलं. एरवी विमानं गेली की ते जहाज लगेच लांब न्यायचे, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. खेळ सुरू होताना पडद्यावर ज्या सूचना येतात त्यांतच लिहिलंय, जहाज वाचवा. मीच त्या मराठीत उतरवून भिंतीला चिकटवल्या होत्या. आज त्यांनी जहाज उलटं वळवलं. विमानं जिकडून यायची होती त्याच दिशेला, पूर्ण वेगानं.

"बाबा, तिकडे शत्रू असेल."

"असू दे."

होताच. दोन बॉम्ब पडले, जहाजाला आग लागली असं यंत्रानं लिहिलं. पण मग ओळी यायला लागल्या. सहा विमानं उतरली. आणखी पाच. आणखी सात. मुलं आपापली जागा सोडून बाबांच्या मागे जमली आणि प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायला लागली. एकंदर अठरा. शेवटी यंत्रानं निकाल दिला: तुम्ही हरलात.

हरले, आणि बाबांनी दोनदा वरण मागून घेतलं. हरल्यावर एवढा आनंद होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. खेळ समजलाच नाही त्यांना असं मला वाटतं. धडा मात्र माझा अर्धाच राहिला.

१४ जानेवारी, शनिवार

बाबा न्हाव्याकडे जाऊन आले. दाढी, केस, सगळं. आईला पांढरा सदरा धुवायला सांगितला. कुठल्या लग्नाला जायचंय का म्हणून विचारलं तर ऐकलंच नाही असं दाखवलं. तीन नंबरपाशी आज फिरकले नाहीत. मी आपणहून "दोन वाजले, बाबा" म्हटलं, तर म्हणाले, "पोराईले बसव." बावीस मुलांच्या मधे ते मशिन आज कितीतरी दिवसांनी पूर्ण दिवस माझं होतं, आणि मला ते काही गोड लागलं नाही. परवा मंगळवारी, म्हणजे सतराला, रवी जाणार. आई दिवसभर निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होती. चिडून मी ताट तिच्या हातातून काढून घेतलं, मग परत दिलं.

ता.क. वरती चुकलं. मंगळवार परवा नाही, तेरवा. डोकं ठिकाणावर नाही.

१५ जानेवारी, रविवार

सकाळी उठले तर बाबा नाहीत. खुर्ची ओट्यावर, चपला नाहीत, पिशवी नाही. आईला विचारलं, ती म्हणाली अंधारातच गेले, चहाही घेतला नाही. "कोठी जाता इचारलं तं म्हणे, येतो." मी विहारात पाहून आले, बसस्टँडवर गेले, धावजींच्या घरी जाऊन आले. तुळसाबाईंचा मुलगा म्हणाला, दारव्ह्याच्या पहिल्या गाडीत बसताना पाहिलं. दारव्ह्याला कोण आहे आमचं? कोणी नाही. स्वेटर घरीच. थंडी केवढी! गोळ्यांची डबी घरीच. या वयात माणूस सांगून जात नाही, मागच्यांनी काय समजायचं? मी दिवसभर इतकी चिडले होते की जमीरचा सहज आलेला फोनही मी त्याच्या अंगावर ओरडून ठेवला. आई एकदाही रडली नाही. ते मला जास्त भीतीचं वाटलं.

संध्याकाळी सहाला फोन वाजला. रवी.

"दीपे, बाबा दारात उभे हायेत."

"कोणाच्या?"

"माह्या. वाळूजले. आत्ता आले. एकटेच."

मी आईला हाक मारली. आई धावत आली, मी रिसीव्हर दोघींच्या मधे धरला.

"मंग आत घे ना त्याईले!"

"येऊन नाई राह्यले. उंबरठ्याच्या बाहेर उभे हायेत. उर्वशीनं पाणी देलं तं उभ्यानंच पेले. म्हणतात, मी तुले माह्या घरी येऊ नको म्हटलं होतं, थे तसंच हाय, त्यात बदल नाई. पण हे घर तुहं हाय. तू ये म्हणशील तं आत येतो. नाई तं सातची परतीची गाडी हाय म्हणतात."

"मंग तू काय म्हटलं?"

"काई नाई. माह्या तोंडातून निघूनच नाई राह्यलं, दीपे. तीन वर्षं मीच वाट पाह्यली ना वो. आता तेच दारात उभे हायेत आन माह्या तोंडातून निघून नाई राह्यलं."

"अरे गधड्या," मी ओरडले, "मंग मले कायले फोन करून राह्यला! त्याईले म्हण ना!"

आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं उमटली. मी मनात मोजत होते, सात वाजायला किती वेळ आहे ते.

मग लांबून, फोन बाजूला धरून, रवी म्हणाला, "या."

आणि पुन्हा, मोठ्यानं, रडत, "या ना वो, बाबा. या."

पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. लगेच एक लहान मूल किंचाळून रडायला लागलं.

"भेते मले हे," बाबांचा आवाज.

"भेईनच ना," रवी म्हणाला. "पाह्यलं कवा तिनं तुमाले?"

बाबा म्हणाले, "हाव. बराबर हाय. मी इथंच बसतो मंग, दाराशी. होऊ दे तिले सवय."

रवी फोन बंद करायचं विसरला होता. मीही ठेवला नाही. आई आणि मी विशाखाचं रडणं थांबेपर्यंत ऐकत बसलो.